बिअर्डेड ड्रॅगनची दोन पिल्ले एका टाकीत: आधी वेगळी करा, नर-मादी मग पाहा

तुम्ही विचारले आहे की दुकानदाराने 'जोडी' म्हणून दिलेली सुमारे तीन महिन्यांची बिअर्डेड ड्रॅगनची, म्हणजे घरात पाळल्या जाणाऱ्या एका सरड्याची, दोन पिल्ले तीन फुटी टाकीत एकत्र ठेवली आहेत, त्यांतले मोठे पिल्लू दिव्याखाली लहानाच्या पाठीवर चढून बसते, आणि नर कोण व मादी कोण हे कसे ओळखावे, म्हणजे त्यांना एकत्र ठेवायचे की नाही ते ठरवता येईल. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. दोन्ही नर निघाले तर ते भांडतील, नर-मादी निघाली तर मादी पुरती वाढण्याआधीच नर तिच्यामागे लागेल, आणि दोन्ही माद्या निघाल्या तरी त्यांतली एक दुसरीला दाबून ठेवण्याची शक्यता राहतेच. म्हणजे उत्तर काहीही आले तरी टाक्या दोनच लागतात.

पाठीवर चढून बसण्याला पुष्कळ जण लाडीगोडी समजतात. मीही समजलो होतो. प्रत्यक्षात वरचे पिल्लू दिव्याची उष्णता आणि अतिनील किरण स्वतःकडे घेते आणि खालचे त्याच्या सावलीत राहते. खालचे पिल्लू अधूनमधून पुढचा एक पाय उचलून संथपणे गोल फिरवत असेल, तर तो नमस्कार नसून 'मी माघार घेतो' असे सांगणे आहे. आपल्याकडच्या कुंपणावर मान वरखाली करणारा सरडा आणि हा ऑस्ट्रेलियातला प्राणी एकाच कुळातले आहेत, त्यामुळे मान हलवण्याचा अर्थही तुमच्या ओळखीचाच आहे: ही जागा माझी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो, पण टाकीत हरलेल्याला तेवढीही धाव मिळत नाही. हे प्राणी मुळात एकटे राहणारे आहेत, आणि माघार घेऊनही जायला जागा नसलेले पिल्लू हळूहळू खाणे सोडते.

माझ्याकडेही एकाच वेळी अंड्यांतून निघालेली दोन पिल्ले होती. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक 52 ग्रॅम भरले आणि दुसरे 31 ग्रॅम, तरीही 'हे जरा अशक्तच आहे' म्हणून मी आणखी दोन आठवडे घालवले. मग एका सकाळी लहानाच्या मागच्या पायाच्या बोटाचे टोक दिसेना. बहुधा रातकिड्यावर झडप घालताना मोठ्याने तेही तोडले असावे, कारण या वयात हलणारी प्रत्येक बारीक वस्तू त्यांना खाद्य वाटते. यांचे तुटलेले बोट पुन्हा येत नाही, आणि पालीची येते तशी शेपटीही येत नाही. वेगळे केल्यावर तीन आठवड्यांत तेच 'अशक्त' पिल्लू 49 ग्रॅमवर गेले.

आता ओळखण्याविषयी. पिल्लू ऊब घेऊन शांत झाले की तळहातावर पोटावर बसवावे आणि शेपटी बुडाशी धरून अलगद वर उचलावी. काटकोनापलीकडे कधीही नेऊ नये, आणि पिल्लू धडपडू लागले तर त्या दिवसापुरता नाद सोडावा. अवस्कराच्या, म्हणजे विष्ठा टाकण्याच्या आडव्या फटीच्या, मागे शेपटीच्या बुडाखाली पाहावे. डावीकडे आणि उजवीकडे एकेक उंचवटा व मध्ये खोलगट पन्हळ दिसली तर नर. मध्येच एक पुसटसा फुगवटा असेल किंवा सगळे सपाट असेल तर मादी. शेपटीच्या वरच्या बाजूने छोटी टॉर्च टेकवली तर नराच्या त्या दोन उंचवट्यांच्या सावल्या लहान वयातही बऱ्याचदा दिसतात. तरी तिसऱ्या महिन्यातला निकाल कच्चाच धरावा आणि पाच-सहा महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला त्याच कोनातून फोटो काढून ताडून पाहावा. मी ज्याला आत्मविश्वासाने मादी ठरवले होते, तो सहाव्या महिन्यात नर निघाला. मांड्यांच्या आतल्या बाजूची रंध्रे नरात मोठी होतात खरी, पण ती मोठेपणी. डोक्याचा आकार किंवा दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, काळी होणे यावर तर मुळीच विसंबू नये, कारण चिडलेली मादीही दाढी काळी करते.

टाकी गरम ठेवल्याने लिंग बदलते का, ही शंका अनेकांना येते. अंडी सुमारे 32 अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापमानात उबवली, तर गुणसूत्रांनी नर असलेली काही पिल्ले मादी म्हणून जन्मतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या जंगली ड्रॅगनमध्येही असे घडत असल्याचे 2015 साली प्रसिद्ध झाले. पण हे सारे अंड्यातच ठरते. तुमच्या दिव्याचा त्याच्याशी संबंध नाही.

वेगळे करताना मध्ये काच किंवा जाळी घालून भागवू नये, कारण प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर राहिला तर ताण तसाच राहतो. अपारदर्शक आड हवा. प्रत्येकाला स्वतंत्र दिवा, सुमारे 40 अंशांची ऊन खाण्याची जागा, 25 अंशांच्या आसपासचे थंड टोक, अतिनील किरणांची नळी आणि लपायला आडोसा लागेल. पूर्ण वाढ झाल्यावर एकट्यालाच चार फूट लांब, दोन फूट रुंद टाकी पुरते, त्यामुळे तुमची तीन फुटी आज ना उद्या बदलावीच लागणार आहे. तोवर ती लहान पिल्लाला द्यावी आणि मोठ्याला नवी घ्यावी, म्हणजे आधीच दबलेल्या जिवाला पुन्हा नव्या जागेशी जुळवून घ्यावे लागणार नाही. दोघांच्याही टाकीत तळाला वाळू न घालता साधा कागद अंथरावा आणि उरलेले रातकिडे रात्री काढून टाकावेत. ते झोपलेल्या पिल्लाला चावतात.

आज रात्री लहान पिल्लाची बोटे आणि शेपटीचे टोक टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. एखादे टोक काळे पडून कडक झाले असेल तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या, कारण ते काळेपण बुडाकडे सरकत जाऊ शकते.