बिलं काढणारी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तर काय होतं, ते आधी बघा

तुमचा प्रश्न असा की सोसायटीच्या ८४ फ्लॅटची मेंटेनन्स बिलं एक्सेलच्या शीटवरून काढणारी पायथन स्क्रिप्ट तुम्ही लिहिलीये, तुमच्या लॅपटॉपवर ती मस्त चालते, आता ती सेक्रेटरींच्या हातात द्यायचीये तर तिचं नीट कमांड लाइन टूल, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं टूल, कसं करायचं, आणि त्यासाठी क्लिक ही लायब्ररी घ्यायची की टायपर. लायब्ररी कुठलीही घ्या हो, त्याने फार फरक पडत नाही. मी अजून आर्गपार्सच वापरतो, ती पायथनसोबतच येते त्यामुळे समोरच्याच्या मशीनवर वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि हेल्पचा मजकूरही आपोआप तयार होतो. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हीच स्क्रिप्ट त्याच महिन्यासाठी परत चालवली तर काय होतं?

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. आमच्या सोसायटीसाठी मी असंच टूल केलं होतं. बिलं निघाल्यावर खजिनदार काकांनी सात-आठ फाइल्समध्ये हाताने दुरुस्त्या केल्या, कोणाचा चेक उशिरा क्लिअर झालेला, कोणाला पार्किंग दोनदा लागलेलं, असं. मला हे माहीत नव्हतं. मी एका नावातली चूक सुधारली आणि सगळं परत रन केलं. काकांच्या सगळ्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या आणि कळलं तेव्हा बिलं घरोघरी वाटून झाली होती. काका एका शब्दाने बोलले नाहीत, पण दोन संध्याकाळी त्यांनी परत त्या नोंदी शोधण्यात घालवल्या, ते मला अजून लागतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो, की तयार झालेल्या फाइलमध्ये अशी कुठलीच माहिती नसावी जी इनपुटमध्ये नाही. म्हणजे काकांना दुरुस्ती करायचीये ना, तर बिलात नाही करायची, त्यासाठी वेगळी दुरुस्त्यांची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेली साधी फाइल, ठेवा, फ्लॅट नंबर, महिना, रक्कम, कारण, एवढे चार कॉलम, आणि टूल ती वाचूनच बिल काढेल. मग शंभर वेळा रन करा, तेच बिल निघणार. हे झालं की अर्धं टेन्शन जातं.

उरलेलं अर्धं फाइल लिहिण्याच्या पद्धतीत आहे. पायथनमध्ये डब्ल्यू मोडने, म्हणजे लिहिण्यासाठी, फाइल उघडली की आतलं जुनं सगळं त्याच क्षणी जातं, तुम्ही एक अक्षर लिहायच्या आधीच, आणि पुढच्या ओळीला स्क्रिप्ट पडली तर हातात रिकामी फाइल. त्याऐवजी एक्स मोड वापरा, फाइल आधीच असेल तर तो सरळ एरर देतो. मुद्दाम बदलायचीच असेल तर फोर्स नावाचा ऑप्शन द्या, आणि तेव्हाही आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल पूर्ण लिहून मग ओएस मॉड्यूलच्या रिप्लेसने जागेवर आणा, म्हणजे अर्धवट बिल कधी राहणारच नाही. ड्राय-रन, म्हणजे नुसती रंगीत तालीम, तर हवाच हवा. त्यात काहीही न लिहिता फक्त दाखवायचं की ६ बिलं नवीन, ३ बदलणार, ७५ तशीच. सेक्रेटरींना ही एक ओळ दिसली की त्यांचा विश्वास बसतो, माझा अनुभव आहे.

आकडेमोड आणि बिलाचा मजकूर एकाच फंक्शनमध्ये असेल तर आजच वेगळा करा. हिशेबाचं फंक्शन फक्त आकडे परत देईल, टेम्प्लेट फक्त मांडेल. उदाहरणार्थ भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, ही अट एका जागी, एका टेस्टसकट असली पाहिजे, टेम्प्लेटच्या पोटात नको. रकमांसाठी फ्लोट वापरू नका, त्यात दशांश अपूर्णांक नेमके बसत नाहीत, नेमका हिशेब ठेवणारा डेसिमल घ्या किंवा सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. आणि पायथनचं राउंड हे पूर्णांक करणारं फंक्शन नीट समजून घ्या, १८४२.५ चे तो १८४२ करतो पण १८४३.५ चे १८४४, कारण बरोबर मध्ये असलं की तो सम संख्येकडे जातो. सभासद एक रुपयासाठीही विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. तसंच स्वल्पविराम घालायचा तयार फॉरमॅट तीन-तीन आकड्यांनी तोडतो, १,००,००० ऐवजी १००,००० छापतो, त्यासाठी छोटं फंक्शन स्वतः लिहा.

आता मराठीचं, कारण इथे सगळे अडकतात. विंडोजवर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, न सांगता फाइल उघडली तर पायथन बऱ्याचदा सीपी-१२५२ ही देवनागरी नसलेली जुनी पद्धत धरतो आणि पहिल्याच देवनागरी अक्षराला पडतो, म्हणून लिहिताना दरवेळी यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. वाचताना मात्र यूटीएफ-८-सिग सांगा, कारण यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की एक्सेल सुरुवातीला एक न दिसणारी खूण टाकतं आणि मग पहिला कॉलम समोर दिसत असूनही की-एरर, म्हणजे असा कॉलमच नाही अशी तक्रार, येतो, माणूस तासभर डोकं धरून बसतो. नावावरून रेकॉर्ड जुळवू नका. कऱ्हाडे मधला ऱ कोणी एकच अक्षर म्हणून टाइप करतो, कोणी र ला नुक्ता (खालचा टिंब) देऊन, कोणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह असं. पहिले दोन युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या केल्या की, एक होतात, तिसरा होत नाही. जुळवणी फ्लॅट नंबरवरच करा.

फाइलचं नावही फ्लॅट नंबरवरून, पण बी/३०२ असं लिहिलेलं असेल तर तिरप्या रेघेमुळे पायथन बी नावाचं फोल्डर शोधायला जाईल, तेव्हा तिथे डॅश करा. कोणी १०१ देवनागरीत लिहिलं असेल तर घाबरू नका, पायथनचं इंट फंक्शन ते बरोबर वाचतं, पण नावासाठी आणि जुळवणीसाठी एकाच लिपीत आणून घ्या.

बाकी किरकोळ. एरर स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या वेगळ्या आउटपुटवर, टाका, काही बिघडलं तर एक्झिट कोड शून्य नको, कारण शून्य म्हणजे सगळं ठीक, आणि "लाइन ३७, फ्लॅट ए-२०४, रक्कम रिकामी" असं सांगा, पायथनचा लांबलचक ट्रेसबॅक, म्हणजे कोडमधल्या चुकीचा माग, सेक्रेटरींना काय कामाचा. पॅकेजिंग, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर बसवता येईल असं करणं, पायप्रोजेक्टच्या टॉमल या सेटिंगच्या फाइलमध्ये स्क्रिप्ट्सची एक नोंद केली की होतं, आणि वर डबल क्लिक करायला एक बॅच फाइल द्या, जी आधी ड्राय-रन दाखवेल आणि विचारून मगच लिहील.

पहिले दोन महिने जुन्या पद्धतीची बिलं पण काढा आणि दोन्ही एकमेकांशी जुळवा. ज्या फ्लॅटचा आकडा जुळणार नाही त्याचा हिशेब, नाव काढून, इथे टाका, आपण बघू.