साइट चुलतभावाची, मार्क मुलीचे

मुलीला पहिल्या वर्षात माहिती व्यवस्थापनात ३४ मार्क पडले म्हणून तिला एआयच्या शाखेत हलवावं का, असं तुम्ही विचारलंय. त्याच्या उत्तराआधी तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच वाक्याबद्दल बोलायला हवं. "प्रकल्प चांगला दिसावा म्हणून तिच्या चुलतभावाकडून रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपानं बनवायच्या तयार साधनात) साइट करून घेतली, तरी तोंडीत मार्क गेले."

अहो, त्यामुळेच गेले. परीक्षक देखणी साइट बघायला बसलेला नसतो. तो फॉर्मवर बोट ठेवून विचारतो: बटण दाबल्यावर माहिती कुठे जाते? फॉर्म पाठवायच्या दोन पद्धतींपैकी इथे गेट का नाही, पोस्ट का? सर्व्हरने ५०० (त्याच्या आतल्या बिघाडाचा एरर) दाखवला तर आधी काय तपासशील? स्वतः लिहिलेल्या पन्नास ओळींवर याची उत्तरं देता येतात, दुसऱ्याने दिलेल्या फोल्डरवर नाही. शिवाय रोज रात्री तुम्ही तिचा लॅपटॉप तपासता, अडलं की चुलतभावाला फोन लावता. हा विषय चुका शोधतच शिकायचा असतो आणि तिच्या वाट्याला एकही चूक येऊ दिलेली नाही. तिला काय करायचंय, हे तर पत्रात कुठेच नाही.

आता तुमचा गैरसमज: वेब डिझाइन हे कौशल्य आणि माहिती व्यवस्थापन म्हणजे पाठ करून सुटणारं कारकुनी काम. पानाची सजावट सांगणारं सीएसएस चुकलं तर चौकट लगेच वाकडी दिसते. माहितीची मांडणी चुकली तर कितीतरी दिवस काहीच दिसत नाही. ग्रंथालयाची साइट घ्या. पुस्तकांच्या टेबलमध्ये 'लेखक १', 'लेखक २' असे कॉलम केले, मग तीन लेखकांचं पुस्तक आलं की? प्रत्येक पुस्तकापुढे नाव नव्याने टाइप केलं की एकाच लेखकाची तीन स्पेलिंग होतात आणि शोधल्यावर त्याची निम्मीच पुस्तकं सापडतात. म्हणून पुस्तकं वेगळी, लेखक वेगळे आणि दोघांच्या आयडींच्या जोड्या ठेवणारं तिसरं टेबल. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी हे रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत) १९७० मध्ये मांडलं, वेब जन्मायच्या कितीतरी आधी. फोन नंबर संख्या म्हणून साठवला की सुरुवातीचं शून्य गायब. परत न आलेली पुस्तकं शोधताना 'परत तारीख = नल' (नल म्हणजे रिकामी जागा) लिहिलं तर एकही ओळ येत नाही आणि एररही येत नाही; तिथे 'इज नल' लागतं. यात पाठ करण्यासारखं काय आहे? एआय क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून देईल, पण रिकामं उत्तर खोटं आहे हे माणसालाच कळावं लागतं.

शाखाबदलाचे आणि प्रवेश परीक्षेचे नियम विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात आहेत. मात्र एआयच्या शाखेतही डेटा आणि डेटाबेस टळणार नाहीत.

तिला प्रकल्प पुन्हा, एकटीने करू द्या; वरची ग्रंथालयाची साइटच घेऊ. आधी कागदावर पाच टेबलं: पुस्तक, लेखक, जोड्यांचं, सभासद, देवघेव. प्रत्येकाची प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) आणि फॉरेन कीचे (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमचे) बाण काढल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. मग एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस; त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. वीसेक नोंदी हाताने भराव्यात, त्यात अडचणीच्या मुद्दाम: तीन लेखकांचं पुस्तक, एकही पुस्तक न नेलेला सभासद. हा सभासद साध्या जॉइनमध्ये (टेबलं जोडणाऱ्या क्वेरीत) मुकाट गळतो, पहिल्या टेबलची प्रत्येक ओळ ठेवणाऱ्या लेफ्ट जॉइनमध्ये टिकतो. ते तिचं तिला सापडू द्या. त्यानंतर एक साधा एचटीएमएल फॉर्म आणि यादीचं एक पान. फॉर्ममध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी असलेलं नाव टाकून बघावं. क्वेरी मोडली तर मजकूर थेट क्वेरीत चिकटवलेला आहे. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधून घुसवलेली परकी क्वेरी, याच फटीतून शिरतं. तिथे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावं, म्हणजे क्वेरी आणि मजकूर वेगवेगळे पाठवावेत. सजावट शेवटी. रिअ‍ॅक्ट या वर्षी नकोच.

दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून देणं ही विद्यापीठात कॉपीच धरली जाते. तिने शिक्षकांना खरं सांगून प्रकल्प पुन्हा देण्याची परवानगी मागावी. मार्क कापले तर कापू द्या. आणि शिक्षकांकडे तिला एकटीला जाऊ द्या.