लास वेगासच्या पोटातले भ्रंश

प्रश्न : लास वेगास खोऱ्यातील जमिनीचे पायरीसारखे चढ भूजल उपशामुळे तयार झाले, असे वाचले होते. मग त्यांची गणना भूकंपकारक भ्रंशांत (ज्यांच्या बाजूने जमिनीतले खडक तुटून सरकतात अशा भेगांत) का होते?

उत्तर : उपशामुळे तेथील जमीन काही ठिकाणी दीड मीटरहून अधिक खचली, हे खरे, परंतु याच खोऱ्यातील एग्लिंग्टन भ्रंशाचा चढ विहिरी खोदण्याच्या हजारो वर्षे आधीपासून आहे, त्यामुळे सगळे खापर उपशावर फोडता येत नाही. धोका ठरवताना भ्रंशावर आडवा चर खणतात, त्याच्या भिंतीत तुटून खाली-वर सरकलेले गाळाचे थर मोजतात आणि त्यांच्या वयावरून भ्रंश किती काळाने हलतो याचा अंदाज बांधतात. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे सांगणारी ल्युमिनेसन्स पद्धत येथे विशेष कामी येते. असे भ्रंश वर्षाला मिलिमीटरच्या अंशानेच सरकत असल्याने दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे लोटू शकतात. शे-दीडशे वर्षांच्या नोंदी पाहून निर्धास्त होणे (आणि शहराच्या नोंदी तेवढ्याच आहेत) मला तरी घाईचे वाटते. शिवाय खोऱ्यातील जाड गाळ हादरे वाढवतो, त्यातही उंच इमारतींना झुलवणाऱ्या संथ लहरी अधिक.