'तयार' होण्याची वाट बघू नकोस

प्रिय मित्रा,

"तो मुलगा अजून तयार नाही, आणखी सहा महिने कार्यशाळेत ठेवू का?" हे वाचून चिडलो, खरं सांगतो. (आणि २४ वर्षांच्या माणसाला पत्रभर 'मुलगा' काय म्हणतोस?) कार्यशाळेत पाकिटं चिकटवून कुणी दुकानात माल लावायला तयार होत नाही. त्याच्यासारखी बौद्धिक अक्षमता असली की एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणंच तर अवघड जातं. म्हणून आधी नोकरी, मग शिकवणं, तेही त्याच कप्प्यापाशी.

तो रुजू होण्याआधी दोन दिवस ते काम तू स्वतः कर, पायऱ्या लिहून काढ. बिस्किटांचा कप्पा भरणं म्हणजे खोका फोडणं, कप्प्यातला माल पुढे ओढणं, नवा मागे लावणं, रिकामा खोका चपटा करून ठेवणं. तारखा वाचायला लावू नकोस. 'आहे ते पुढे, नवं मागे' एवढ्यानं जुना माल आधी खपतो.

गाडी कामात क्वचित अडते. चहाच्या सुट्टीत कुठे बसायचं, साप्ताहिक सुट्टी बदलली, बस दुसऱ्या रस्त्यानं वळली, नेहमीचा सुपरवायझर रजेवर गेला, नोकऱ्या जातात त्या इथे. कार्यशाळेत हे कसं शिकवणार होतास?

सूचना सुपरवायझरनेच द्यायच्या. तू मध्ये उभा राहिलास तर तुझ्याशिवाय त्याचं पान हलणार नाही. आधी शेजारी थांब, मग दोन कप्पे पलीकडे, मग दिवसाचा फक्त पहिला आणि शेवटचा तास. चुकला की हात शिवशिवतील, खिशात ठेव. मला हे फार उशिरा कळलं. तोवर किती जणांना 'तयार' करत बसवून ठेवलं, त्याचा हिशेब नको वाटतो. आता लोक हट्टी म्हणतात, म्हणोत.

त्याचे वडील सरकारी नोकरीसाठी थांबू म्हणतात ना? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा, तोही स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेल्यांसोबत वाटून. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जरूर काढा, पण थांबू नका.

मालक 'मानधन देतो' म्हणेल. पगार माग, किमान वेतनाच्या दरानं, त्या तरुणाच्या स्वतःच्या खात्यात. सवलत मागायचीच तर वेळेची माग: पहिले दोन आठवडे रोज चारच तास.