स्प्रिंग ब्रेकची सेवा-ट्रिप: जा, पण तिन्हींतली कुठली ते नीट बघून

ताई म्हणालीस म्हणून सरळ अरे-तुरे करते. प्रश्न लांब होता, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: सप्लाय चेनमध्ये एमएस, पहिलं वर्ष. मार्चमधल्या आठवड्याच्या सुट्टीत युनिव्हर्सिटीच्या तीन सेवा-ट्रिपा आहेत. न्यू ऑर्लिन्सला घरबांधणी, फ्लोरिडात इमोकालीला शेतमजुरांच्या वस्तीत, आणि ग्वाटेमालाच्या एका खेड्यात शाळेची खोली बांधायची, माणशी 2,400 डॉलर. रूममेट्स मेक्सिकोत समुद्रावर, कॅनकूनला निघाल्यात, बाबा म्हणतात त्यापेक्षा इंटर्नशिप शोध. तू शाकाहारी, एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आणि इकडे अमेरिकेत यायच्या आधी कॉलेजात एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिर केलेलं. मी इथल्या एका विद्यापीठात नोकरी करते आणि बरीच वर्षं अशा ट्रिपांवर मुलांबरोबर स्टाफ म्हणून जाते.

बाबांचं आधी उरकू. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज मार्चपर्यंत गेलेले असतात किंवा नसतात. नसतील तर ते रात्री लॅपटॉपवरूनही जातात, त्यासाठी आठवडाभर खोलीत बसून राहायला नको. कॅनकूनबद्दल मला काही म्हणायचं नाही. सुट्टीत समुद्रावर जाणं पाप नाही, आणि सेवेला जाणारी मुलं समुद्रावर जाणाऱ्यांपेक्षा थोर असतात असं मला आजवर दिसलेलं नाही.

एनएसएसमुळे निम्मं तुला माहीतच आहे. शाळेच्या वर्गात सतरंजी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गाणी-नकला. इथे वर्गाऐवजी चर्चचा हॉल आणि हवेची गादी, बौद्धिकाऐवजी रात्री गोल करून बसायचं आणि दिवसभर काय पाहिलं त्यावर बोलायचं. फरक मुळातच आहे. एनएसएस 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सरकारने सुरू केली. इथलं हे प्रकरण विद्यार्थ्यांकडून आलं. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मुलांनी ऐंशीच्या दशकात बीचऐवजी अशा ट्रिपा काढल्या, आणि 1991 साली तिथूनच ब्रेक अवे ही संस्था निघाली, जिच्या चौकटीवर आज कितीतरी विद्यापीठांच्या ट्रिपा चालतात. त्यामुळे शिट्टी वाजवणारे कार्यक्रम अधिकारी सर इथे नाहीत. ट्रिपचे लीडर तुझ्यासारखेच विद्यार्थी असतात, स्टाफ मागच्या सीटवर. दारू मात्र पूर्ण बंद, एकवीस वर्षं पूर्ण असलेल्यांनाही.

आता मुद्द्याचं. ट्रिप निवडताना मुलं बघतात की काम काय आहे. त्याआधी हे बघ की आपण शनिवारी परत फिरल्यावर सोमवारी ते काम कोण करणार आहे. आठवड्याभरात बारा नवख्या मुलांच्या हातून होऊन होऊन किती होणार? तिथे वर्षभर ठाण मांडून बसलेलं कुणी असेल, तर तुमचा आठवडा त्यांच्या कामात जिरतो. नसेल तर ती सहल असते, एवढंच.

न्यू ऑर्लिन्स यात पक्कं बसतं. 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना चक्रीवादळ आलं, पूरभिंती फुटल्या आणि शहराचा 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. पुढच्या वसंतात, 2006 च्या मार्चमध्ये, देशभरातून हजारो कॉलेजची मुलं तिथे उतरली. तेव्हा काम होतं घरं आतून सोलून काढायचं: फुगलेले सोफे, चिकटपट्टीने गुंडाळलेले फ्रिज (उघडायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं असे), मग भिंतींचं ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे) पहारीने फोडून आतल्या लाकडी खांबांपर्यंत सगळं साफ. बुरशी इतकी की मास्कशिवाय आत पाऊल नाही. त्या कामाला कौशल्य लागत नव्हतं, माणसं लागत होती, आणि कॉलेजची मुलं म्हणजे माणसंच माणसं. म्हणून ते जमलं.

आता तिथलं काम वेगळं आहे. बहुतेक ट्रिपा हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीसारख्या संस्थेबरोबर जातात. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 1984 पासून म्हातारपणीही हातोडी घेऊन जायचे ती संस्था. 1976 साली जॉर्जियातल्या अमेरिकसमध्ये स्थापन झालेली. तिथे घर फुकट मिळत नाही हे आपल्या मुलांना जाईपर्यंत माहीत नसतं. ज्यांना घर मिळणार ते कर्जाचे हप्ते फेडतात, आणि वर शेकडो तास स्वतः बांधकामावर राबतात. त्यामुळे साइटवर तुझ्या शेजारी उभी असलेली बाई लाभार्थी म्हणून आभार मानायला आलेली नसते, ती रात्रपाळी करून तास भरायला आलेली असते. अशाच एका बाईंनी आमच्यातल्या एका मुलाला हातोडी धरायला शिकवली. नवखी मुलं दांडा डोक्याजवळ धरतात आणि मनगटाने टकटक करत बसतात, खिळा वाकतो. बाईंनी काही न बोलता त्याचा हात सरकवून दांड्याच्या टोकाशी नेला आणि कोपर हलवून दाखवलं. तीन घावांत खिळा आत. मग त्याला म्हणाल्या, भिंत माझ्या मुलीच्या खोलीची आहे, वाकडी नको.

आणि हो, तुम्ही मारलेले निम्मे खिळे संध्याकाळी तुम्ही गेल्यावर साइटचा सुपरवायझर उपटून पुन्हा मारतो. मी थांबून पाहिलंय. याचं वाईट वाटून घेऊ नये. चांगल्या संस्था हे हिशेबात धरूनच स्वयंसेवक बोलावतात. उपटणारा माणूस पगारावर आहे, त्याला तिथला पाऊस, वाळवी, बांधकामाचे नियम ठाऊक आहेत. ज्यांच्याकडे असा माणूस नाही तिथे काळजी करावी. याच शहरात लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये नट ब्रॅड पिटच्या मेक इट राइट संस्थेने 109 घरं बांधली. नामवंत वास्तुविशारद, हेतू उत्तम. पण त्या दमट, पावसाळी हवेत बरीच घरं कुजायला आणि गळायला लागली आणि 2018 मध्ये रहिवाशांना कोर्टात जावं लागलं. आणि ते तर व्यावसायिकांनी बांधलेलं होतं.

याच कसोटीवर ग्वाटेमाला बघ. माणशी 2,400 म्हणजे बारा जणांचे 28,800 डॉलर, त्यातला मोठा वाटा विमानाचा. तिथे गवंडी नाहीत असं नाही. त्यांना सिमेंट-विटांचं काम तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं. तुम्ही गेलात की ते बाजूला उभे राहून तुम्हाला थापी धरायला शिकवणार, आणि शाळेची मुलं तास बुडवून तुमच्याबरोबर फोटो काढणार. मी सरसकट सगळ्या परदेशी ट्रिपांना नावं ठेवत नाही. एखाद्या गावाशी दहा-पंधरा वर्षांचं नातं असलेला विभाग असेल, भाषा येणारे, मोजणीचं किंवा आरोग्याचं ठरावीक काम दरवर्षी पुढे नेणारे, तर गोष्ट वेगळी. पण ‘शाळेची खोली बांधायची’ एवढंच माहितीपत्रकात असेल तर माझं मत नाही असं आहे. अनाथाश्रमात आठवडाभर मुलांशी खेळायचं असलं काही कुणी सुचवलं तर विचारही करू नकोस. दर आठवड्याला नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. त्या मुलांवर हे कशाला?

मला विचारशील तर तू इमोकालीला जावंस. दिसायला तिथे सगळ्यात कमी ‘काम’ आहे, म्हणून मुलं ती ट्रिप शेवटी निवडतात. नैर्ऋत्य फ्लोरिडातलं छोटं गाव. हिवाळ्यात अमेरिकेतल्या सुपरमार्केटात जो इथेच पिकलेला टोमॅटो दिसतो तो बराचसा फ्लोरिडाचा, आणि तो तोडणारे मजूर, मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले, अशा गावांत राहतात. पहाटे अंधारात वाहनतळावर गर्दी जमते, मुकादम बसमध्ये माणसं भरून घेऊन जातात. तोडणीची मजुरी बादलीवर; एक बादली 32 पौंडांची, म्हणजे साधारण साडेचौदा किलो, आणि वर्षानुवर्षं तिचे मिळायचे पन्नास सेंटांच्या आसपास. ती खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत पळायचं, रिकामी झेलायची, परत ओळीत. तुला कुणी टोमॅटो तोडायला नेणार नाही. तुम्ही ऐकायला जाता, संस्थेच्या केंद्रात पडेल ते काम करता, एखादा मोर्चा असला तर चालता.

पण इथे विद्यार्थ्यांनी खरोखर काही बदललेलं आहे. 1993 पासून काम करणाऱ्या कोअलिशन ऑफ इमोकाली वर्कर्स या मजुरांच्या संघटनेने 2001 मध्ये टॅको बेल या फास्ट-फूड कंपनीवर बहिष्कार पुकारला. मागणी होती पौंडामागे एक सेंट जास्त. मजुरांनी शेतमालकाशी नव्हे तर साखळीच्या दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाशी भांडण मांडलं, कारण भाव पाडून घेणारा तो होता. कॉलेजच्या मुलांनी आपापल्या कॅम्पसवरून टॅको बेल हटवण्याची मोहीम चालवली, काही ठिकाणी ते हटलंही. मार्च 2005 मध्ये कंपनीने मागणी मान्य केली. पुढे इतर मोठ्या कंपन्याही आल्या आणि 2011 पासून फेअर फूड प्रोग्रॅम फ्लोरिडाच्या बहुतेक टोमॅटो शेतांवर लागू झाला: वाढीव पैसे थेट मजुराच्या पगारात, शेतात सावली, तक्रारीची सोय, आणि नियम मोडणाऱ्या शेताचा माल मोठे गिऱ्हाईक घेणार नाहीत. तू सप्लाय चेन शिकतेस ना? खरेदीदाराचा दबाव चांगल्या कामाला कसा लावायचा याचं इतकं उघडं उदाहरण तुला वर्गात क्वचितच मिळेल. बाबांना हेच सांग. मुलाखतीत यावर पाच मिनिटं बोलता आलं तर ‘आय व्हॉलंटियर्ड’ या एका ओळीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता किरकोळ पण कामाचं. एफ-1 वर स्वयंसेवा चालते, फक्त संस्था ना-नफा असावी आणि एरवी पगार देऊन करून घेतात ते काम तुझ्याकडून फुकटात करवून घेतलेलं नसावं. तरी तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसला ट्रिपचं पत्रक ईमेल करून लेखी होकार घे. देशांतर्गत ट्रिपलाही पासपोर्ट, आय-20 (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं पत्र) आणि आय-94 ची (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) प्रिंट बरोबर असू दे, फोनमधल्या फोटोवर विसंबू नकोस. तरीही ग्वाटेमालाच ठरलं तर व्हिसाचा शिक्का मार्चनंतरही चालू असला पाहिजे आणि आय-20 वरची प्रवासाची सही एका वर्षाच्या आतली हवी. हे फेब्रुवारीत बघ, विमानतळावर नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालेलं नसेल तर घेऊन टाक. व्हॅन किती सीटची आहे आणि कोण चालवणार ते विचार. पंधरा सीटच्या व्हॅन भरलेल्या असताना उलटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून बरीच विद्यापीठं त्या वापरूच देत नाहीत. रात्रभर गाडी हाकायचा बेत असेल तर स्पष्ट नको म्हण.

जेवण. दक्षिणेत भाजी दिसली म्हणून वाढून घेऊ नकोस. फरसबी बेकनमध्ये शिजवलेली असते, पालेभाजीत डुकराच्या मांसाचं हाड असतं, आणि वाढणाऱ्या आजींच्या मते ती भाजीच असते. न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी घरोघरी रेड बीन्स अँड राइस; आपला राजमा-चावल वाटतो, पण आत सॉसेज. नोंदणीच्या फॉर्मात ‘व्हेजिटेरियन’ एवढंच न लिहिता ‘मांसाचा रस, चरबी, बेकन काही नाही’ असं लिही. बहुतेक ठिकाणी मुलंच पाळीपाळीने स्वयंपाक करतात, तेव्हा तुझी पाळी पहिल्याच दिवशी मागून घे. फोडणीचं सामान एका डब्यात ने. पोहे ने. आमच्या एका ग्रुपने चार दिवस ग्रिट्स (मक्याच्या रव्याची लापशी) खाल्ल्यावर कांदेपोह्यांची जी कढई चाटूनपुसून संपवली, ती मी विसरणार नाही.

रात्रीच्या गोलात आपली मुलं गप्प बसतात. कुणीतरी रडतं, कुणी आपल्या घरच्या गरिबीबद्दल बोलतं, आणि आपल्याला वाटतं हे काय परक्यांसमोर. बोलायलाच हवं असं नाही. पण भारतातली गरिबी मी पाहिलीये, ही काय गरिबी, हे वाक्य तेवढं टाळ. दर वेळी आपल्यातलं कुणीतरी ते म्हणतंच आणि गोल तिथेच थंडावतो.

माहितीच्या बैठकीला जाशील तेव्हा तिन्ही ट्रिपांच्या लीडरना एकच विचार: त्या गावात आपलं विद्यापीठ किती वर्षं जातंय आणि तिथली संस्था एप्रिलमध्ये काय करत असते. काय उत्तरं मिळाली ते इथे लिही. ग्वाटेमालावाल्यांचं उत्तर चांगलं निघालं तर मी माझं मत बदलेन.