वरातीतून सुटलेल्या घोडीबद्दल

प्रिय मुली,

तुझं पत्र काल दुपारी वाचलं, रात्री पुन्हा वाचलं. वडिलांनी तीन एकर रान तुला दिलं, वरातीत मिरवणारी एक म्हातारी घोडी तू सोडवून आणलीस, आणि आता तिच्या पाठीवर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेली, मुलं बसवून उपचार सुरू करायचे म्हणतेस. घोड्यावरचे उपचार आणि थकल्या जनावराला आसरा, दोन्ही मला जिवाभावाचे आहेत. पण ही दोन वेगळी कामं आहेत आणि तू ती एकाच घोडीच्या पाठीवर लादते आहेस.

आधी उपचारांचं बोलू. तू फिजिओथेरपी शिकलीस, त्यामुळे तुला हे पटकन कळेल. घोडा संथ चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे हलते आणि किंचित वळतेही. आपण चालतो तेव्हा आपली कंबर जवळजवळ अशीच हलते. जे मूल स्वतःच्या पायांवर कधी चाललंच नाही, त्याच्या शरीराला ही लय घोड्यावर पहिल्यांदा मिळते. शिवाय घोड्याचं अंग आपल्यापेक्षा थोडं गरम, साधारण ३८ अंश सेल्सिअस. म्हणून पुष्कळदा खोगीर न घालता नुसत्या कापडाच्या जाड घडीवर बसवतात, म्हणजे ती ऊब मांड्यांच्या आखडलेल्या स्नायूंपर्यंत पोचते.

माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा यायचा. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. पहिल्या दिवशी त्याला घोड्यावर नीट बसवायलाच आम्हा तिघांना दहा मिनिटं लागली. वीस मिनिटांच्या फेऱ्या झाल्या, त्याला खाली घेतलं, आणि त्याची आई कितीतरी वेळ त्याचे पाय हाताने वेगळे करून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आखडले. हे पालकांना पहिल्याच भेटीत सांग. घोडा आजार घालवत नाही. नेमाने, महिनोन्महिने केलं तर तोल सुधारू शकतो, मान आणि पाठ सावरता येऊ लागते. त्या मुलाला टेकू न घेता बसता यायला सात महिने लागले.

आणि नकार द्यायला शीक. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांची तपासणी झाल्याशिवाय त्याला बसवायचं नाही. खुब्याचा सांधा निखळलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील, तरी नाही. पालक हात जोडतील, तुला रडू येईल, तरीही नाही.

लिस हार्टेलचं नाव तू ऐकलं असशील. डेन्मार्कची ही घोडेस्वार १९४४ मध्ये गरोदर असताना पोलिओने आजारी पडली आणि तिचे पाय गुडघ्यांखाली कायमचे लुळे झाले. घोड्यावर चढायला-उतरायला तिला माणसं लागत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या, घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या, प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीने उतरू दिलं, आणि तिने रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांनी पुन्हा मिळवलं. युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं निघाली, त्यांना तिच्यामुळे मोठं बळ मिळालं. तिची कहाणी सांगताना लोक तिच्या घोडीला, ज्युबिलीला, विसरतात. पायांनी इशारा देता येत नव्हता, तेव्हा लिस बैठकीतून, अंगाच्या भारातून इशारे देऊ लागली आणि ज्युबिलीने ते ओळखायला शिकून घेतलं. या कामाचा घोडा असा घडवावा लागतो. मूल अचानक किंचाळतं, आयाळ मुठीत आवळतं, एका बाजूला कलंडतं. दोन्ही बाजूंना दोन माणसं चालत असतात, पुढे लगाम धरणारा असतो. एवढं सगळं सोसून घोड्याने पाऊल एकसारखं टाकायचं असतं.

तुझ्या घोडीने आयुष्यभर बँड, फटाके आणि डीजे सोसला आहे. तिच्यासमोर साधी छत्री उघडली तर ती काय करेल, हे तुला माहीत नाही. तिच्याकडून आता काहीही मागू नकोस.

काहीही न मागता पोसायचं, ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतली भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी चिडून रस्त्यावर उतरली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ सुरू केली. कामाच्या न राहिलेल्या जनावराला तिथे दाणा-वैरण मिळू लागली. तुझ्या तीन एकरांत मला तेच बघायचं आहे. मुलं येऊ देत, तिला खरारा करू देत, तोबरा भरू देत. न बोलणारी काही मुलं घोड्याच्या मानेवर कपाळ टेकून बराच वेळ उभी राहतात. त्यासाठी पाठीवर बसावं लागत नाही.

फक्त हिशेब आधी कर. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं. तीनशे किलोच्या घोडीला रोज पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो, दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरं तासायला नालबंद लागतो, धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकदम वाढवू नकोस. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे साधा वाटणारा पोटशूळ जिवावर बेततो. आणि तिला एकटी ठेवू नकोस, कळपातलं जनावर झुरतं. म्हातारं गाढव मिळालं तरी सोबतीला पुरे.

उपचारांचं काम शिकायला पावसाळ्याआधी माझ्याकडे ये. पहिले दोन महिने मुलांना हात लावायचा नाही, पहाटे पाचला घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारासोबत तबेल्यात उतरायचं. बंद बूट आण.

पण त्याआधी एक. तू पाठवलेल्या फोटोत घोडी पुढचा डावा पाय पुढे काढून उभी आहे. मागचा पाय सैल सोडून उभं राहणं ही घोड्याची विश्रांती असते, पण पुढचा पाय असा काढला की बहुतेक वेळा खुरात दुखत असतं. उद्याच डॉक्टरांना बोलाव आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
बाई