मृतांची पोथी वाचायची तर जर्मनही शिकावं लागेल

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत आहे. प्राचीन इजिप्तच्या शवपेट्यांवरचे आणि पपायरसवरचे मजकूर वाचून अनुवाद करायचा, असं तिनं ठरवलंय. यात करिअर होतं का? – एक पालक, सातारा

उत्तर : होतं, पण जागा मोजक्या. विद्यापीठं आणि मोठी संग्रहालयं सोडली तर पगार देणारं फारसं कुणी नाही, आणि तिथंही बहुधा पीएच.डी. लागते. त्यामुळे खर्चाचा हिशेब मांडण्याआधी सहा महिने घरी अभ्यास करून बघू द्या.

सुरुवात मध्य इजिप्शियन भाषेपासून, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या अभिजात भाषेपासून. इजिप्तचे अभ्यासक गार्डिनर यांच्या चिन्हसूचीत या चित्रलिपीची सातशेहून जास्त चिन्हं आहेत. ती सगळी पाठ करायला बसू नये. आधी एका व्यंजनाची पंचवीसेक चिन्हं हातानं गिरवावीत. पहिला मजकूर अर्पणसूत्राचा घ्यावा : मृतासाठी हजार भाकऱ्या, हजार घडे बिअर, बैल, पक्षी. शिलाफलकांवर तो थोड्याफार फरकानं पुन्हा पुन्हा येतो, म्हणून लवकर हात बसतो. ठेच लागते ती पहिल्याच शब्दाला. राजाचं चिन्ह मानासाठी आधी काढलेलं असतं, वाचताना मात्र 'राजा' शेवटी येतो.

नंतर मृतांच्या पोथीतला, म्हणजे मृताच्या परलोकातल्या प्रवासासाठी लिहिलेल्या मंत्रसंग्रहातला, 30-ब हा मंत्र. मृत्यूनंतरच्या निवाड्याच्या वेळी स्वतःच्याच हृदयानं विरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून. प्राण्या-माणसांची तोंडं जिकडे तिकडून वाचायचं, हा नियम तिनं घोकलेला असेल. या पोथ्यांत तो बऱ्याचदा उलटा होतो : चिन्हं उजवीकडे बघतात, मजकुराचे उभे रकाने मात्र डावीकडून लावायचे. जुन्या नकलकारांचीही इथं फसगत झालेली आहे. अर्थ लागेना तर त्याच मंत्राच्या दोन-तीन नकला शेजारी ठेवाव्यात. इंग्रज अभ्यासक बज यांचा 1895 चा अनुवाद नेटवर फुकट मिळतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. क्रियापदांची समज त्यानंतर पार बदललीय.

आता जर्मन. प्राचीन इजिप्शियनचा एर्मान आणि ग्रापोव यांचा मोठा कोश जर्मनमध्ये आहे, संशोधनही बरंचसं त्याच भाषेत. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात आत्ताच नाव घाला. हा विषय जर्मनीत जाऊन शिकायचा, तर तिथल्या विद्यापीठांत बी.ए.ला बहुधा जर्मनची सी-1 (प्रगत) पातळी मागतात, आणि नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. इथं कॉलेजचं एक वर्ष किंवा तिकडचा पूर्वतयारी वर्ग करावा लागतो. इथंच बी.ए. करून एम.ए.ला जायचं म्हटलं, तर बऱ्याच ठिकाणी भाषा आधीच आलेली हवी असते.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नाही. हायडेलबर्ग आणि ट्युबिंगेन ज्या राज्यात आहेत, तिथं मात्र आपल्या मुलांना सत्राला 1500 युरो पडतात. राहण्याखाण्याचे वर्षाला 12 हजारांच्या आसपास युरो व्हिसासाठी खात्यात आधीच दाखवावे लागतात, ते वेगळे.